नुसती बंदी नको, गावाला विचारून पर्यटन करा: पुणे जिल्ह्याच्या कारभाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, वन विभाग आणि पर्यटन संचालनालय, पुणे

सप्रेम नमस्कार.

जून उजाडला की तुमच्याकडून एक आदेश निघतो, पुणेकरांना तो आता पालखीच्या तारखेसारखा पाठ झालाय. धबधब्याखाली जायचं नाही, धरणाच्या भिंतीवर चढायचं नाही, अमुक ठिकाणी संध्याकाळनंतर थांबायचं नाही, जमावबंदी लागू. कारणं आम्हालाही माहितीयेत. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात हडपसरच्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तो व्हिडिओ बघवत नव्हता. पुढच्याच वर्षी १५ जूनला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांनी भरलेला असताना पडला आणि चार जण गेले. त्यामुळे बंदी का घालता असं विचारायला हे पत्र लिहीत नाहीये. पोलिस दादा भर पावसात रेनकोट घालून लोकांच्या शिव्या खात उभे असतात, त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको.

माझा प्रश्न बंदीच्या पलीकडचा आहे. लोणावळ्यात नाका लागला की गाड्या ताम्हिणीकडे वळतात, ताम्हिणीत अडवलं की मुळशीच्या आतल्या रस्त्यांना घुसतात, तिथून हाकललं की भोर, वरंधा, जिथं रील बघितलं असेल तिथं. गर्दी कमी होतच नाही, फक्त ज्या गावाची तयारी सगळ्यात कमी त्या गावात जाऊन पडते. आणि बंदीचा फटका कुणाला बसतो? रस्त्याकडेला भुट्टे भाजणाऱ्या बाईला, चहाच्या टपरीला, गडाच्या पायथ्याला भाकऱ्या करून देणाऱ्या घराला. त्यांचा वर्षाचा सीझनच तेवढा असतो हो. डोंगर फोडून बांधलेल्या स्विमिंग पूलवाल्या व्हिलाला जमावबंदी लागत नाही, कारण तिथला जमाव कंपाउंडच्या आत असतो.

आणि दुसरीकडे तुमच्याच सरकारचं पर्यटन धोरण सांगतं की पर्यटक वाढवा, गुंतवणूक आणा, स्कायवॉक करा, काचेचा पूल करा. म्हणजे एका टेबलावरून "येऊ नका" आणि दुसऱ्या टेबलावरून "या या". या दोन टेबलांच्या मध्ये जे गाव आहे त्याला कुणी विचारलंय का की बाबा तुला किती माणसं झेपतील, कधी झेपतील, आणि त्या बदल्यात तुला काय पाहिजे? हल्ली याला रीजनरेटिव्ह टुरिझम म्हणतात, परिषदा होतात, पीपीटी होतात. नाव काहीही द्या. साधा हिशेब एवढाच की माणसं येऊन गेल्यावर ती जागा आधी होती त्यापेक्षा थोडी बरी झाली पाहिजे, झऱ्याला पाणी थोडं जास्त दिवस राहिलं पाहिजे, आणि ती बरी करणाऱ्या हातांना त्याचे पैसे मिळाले पाहिजेत. कचरा उचलला, प्लॅस्टिक बंद केलं, एवढ्यावर भागणार नाही, ते तर कमीत कमी झालं.

मी धायरीत राहतो. आजोळ राजगड तालुक्यातलं, म्हणजे कालपरवापर्यंत सगळे ज्याला वेल्हा म्हणायचे तो तालुका. त्यामुळे शनिवार सकाळचा सिंहगड रोड मला दोन्ही बाजूंनी माहितीये. इकडून जाणाऱ्या गाड्या बघतो आणि तिकडे त्या गाड्या पोचल्यावर काय होतं तेही बघतो.

एका भातखाचराची गोष्ट सांगतो. आमच्या नात्यातल्या एका काकांचं, गडाच्या वाटेला लागूनच. आधी तिथं इंद्रायणी तांदूळ व्हायचा, खाण्यापुरता आणि थोडा विकायला. मग ट्रेकवाल्यांच्या गाड्या वाढल्या, पहिल्या वर्षी त्यांनी भात कापल्यानंतर गाड्या लावू दिल्या, चार पैसे सुटले. पुढे पावसाळ्यातच खरी गर्दी असते म्हणून एका बाजूचा बांध फोडला, गाड्या रुतायला लागल्या म्हणून दोन ट्रॉल्या मुरूम टाकला, झालं, खाचर संपलं. बांध नाही म्हणजे पाणी थांबत नाही, मुरूम पडला म्हणजे तिथं परत चिखलणी नाही. आता खालच्या बाजूला ज्यांची विहीर आहे ते म्हणतात पाणी लवकर आटतंय, आणि त्यावरून दोन घरांमध्ये बोलणं बंद आहे. काकांना दोष देऊ शकत नाही मी. एका रविवारी पार्किंगचे जेवढे सुटतात तेवढे भातात सुटायला किती राबावं लागतं हे ज्याने लावणी केलीये त्यालाच विचारा. पण यात पर्यटनाने गावाला दिलं काय आणि घेतलं काय याचा हिशेब लावायला गेलं तर तो फक्त पार्किंगच्या पावतीत बसत नाही.

आता तेच पुण्याच्या बाजूने बघा. वीकेंड ट्रेक असतो, समजा हजार रुपये माणशी. बस पुण्याची, ड्रायव्हर पुण्याचा, लीडर पुण्याचा, जाहिरात इन्स्टाग्रामवर. गावात काय उतरतं, तर नाश्ता आणि जेवणाचे दीडदोनशे, तेही घासाघीस करून, कारण शेजारच्या घरी वीस रुपये कमी घेतात. गडाची वाट धुपते ती गावाची, विहिरीचं पाणी उपसलं जातं ते गावाचं, आडोशाला जाणारे शेकडो लोक जातात ते गावाच्या रानात. संडास नाहीच कुठे! म्हणजे खर्च गावाचा आणि नफा बसबरोबर परत पुण्यात. सगळे ग्रुप असे नाहीत, काहीजण वर्षानुवर्षं एकाच घरी जेवतात, पोरांना वह्या-पुस्तकं नेतात, पण ते त्यांच्या चांगुलपणावर चाललंय, नियम म्हणून काही नाही.

पाण्याचा विषय तर पुणेकरांनी लाजेने ऐकावा असा आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, या चार धरणांत मिळून साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं आणि त्यावर हे अख्खं शहर जगतं. ते पाणी ज्या डोंगरांवरून उतरतं तिथल्या वाड्यावस्त्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन लांब जातात. धरण उशाला, कोरड घशाला, ही म्हण काय उगाच नाही पडली. मुळशीत तर शंभर वर्षांपूर्वी, १९२१ ते १९२४ मध्ये, मुंबईला वीज द्यायच्या धरणासाठी जमिनी गेल्या म्हणून सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. आज त्याच धरणाच्या काठाला लेक व्ह्यू प्लॉटच्या पाट्या आहेत आणि ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांची नातवंडं-पतवंडं तिथं वॉचमन आणि हाउसकीपिंगला. पवनेच्या काठाला तंबू लागतात, पाणी खाली गेलं की तंबू पण खाली सरकतात, रात्री डीजे, सकाळी बाटल्या. ते पाणी पुढे पिंपरी-चिंचवडच्या नळाला येतं. म्हणजे शनिवारी तिकडे जाऊन जे करतो ते सोमवारी आपणच पितो, कुणी का यावर आवाज करत नाही मला कळत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की पुणे जिल्ह्यातलं पर्यटन आणि या डोंगरांवरचं पाणी हे एकाच फायलीत घ्या. येणाऱ्या माणसाकडून जी फी घ्याल ती पाण्यावर आणि मातीवर खर्च झालेली दिसली पाहिजे. सिंहगडावर उपद्रव शुल्क घेतात, दुचाकीला वेगळं, चारचाकीला वेगळं, आणि वन विभागाने गावच्या वन व्यवस्थापन समितीला त्यात घेतलंय, ही पद्धत मुळात बरोबर आहे. पण गाडी घेऊन वर जाणाऱ्या शंभर माणसांना विचारा की तुमच्या पैशाचं काय झालं, कुणाला सांगता येणार नाही. तिथंच, पावती फाडतात त्या चौकीवर, एक मोठा फळा लावा. या महिन्यात इतके आले, इतके पगाराला गेले, इतके कचऱ्याला, इतक्यात वाटेचा हा हा टप्पा बांधला. खडूने लिहा, डिजिटल नको, डिजिटल बोर्ड दोन महिन्यांत बंद पडतो.

वाटेचं म्हणालो तर तेही जरा सविस्तर बोलू, कारण गडावर सुधारणा म्हटलं की तुमच्याकडे सिमेंटच्या पायऱ्या आणि रेलिंगचं एस्टिमेट तयार असतं. गडाची मातीची वाट कशी खराब होते हे पावसात उभं राहून बघायला पाहिजे. सरळ उतारावरून हजारो बूट गेले की गवत जातं, मग पाऊस त्याच वाटेने वाहतो, ओघळ पडतो, ओघळात पाय घसरतो म्हणून लोक बाजूच्या गवतावरून चालतात, मग तिथलं गवत जातं. दोन-तीन पावसाळ्यांत दोन फुटांची वाट दहा फुटांची होते आणि तेवढी माती खालच्या ओढ्यात किंवा गडावरच्या पाण्याच्या टाक्यात. यावरचा उपाय महागडा नाहीये. ठरावीक अंतरावर दगडाची तिरपी आडवी ओळ घालायची म्हणजे पाणी वाटेवरून बाजूला काढलं जातं, चढ असेल तिथं वळणं घ्यायची, शॉर्टकट काटेरी फांद्या टाकून बंद करायचे. हे काम कुणाला येतं? ज्याने आयुष्यभर डोंगरउतारावर खाचरांचे बांध घातलेत त्याला. इंजिनिअरपेक्षा चांगलं येतं. ऑक्टोबर ते डिसेंबर त्यांना मजुरी द्या, टेंडर काढून बाहेरचा ठेकेदार आणू नका.

आणि आता तर हे टाळताच येणार नाही. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यातले राजगड, लोहगड आणि शिवनेरी हे तीन आपल्या जिल्ह्यात. अभिमान आहेच, त्या दिवशी आमच्या सोसायटीतही पेढे वाटले. पण युनेस्कोचं नाव लागल्यावर गर्दी वाढते ती वाढतेच. लोहगडवाडीचा रस्ता सुट्टीच्या दिवशी आधीच कसा जाम होतो ते तुम्हाला मी सांगायला नको. राजगडावर रोपवे करायच्याही घोषणा झाल्या. मला एवढंच विचारायचंय की पद्मावती माचीवर एका वेळी किती माणसं असावीत, टाक्यांचं पाणी किती जणांना पुरतं, हे कुणी मोजलंय का? रोपवेची क्षमता ताशी किती हे पहिल्या पानावर असतं आणि टाक्याचं पाणी किती हे कुठल्याच पानावर नसतं. शिवाय दर रविवारी ताकाची कळशी आणि लिंबू-सरबताचं सामान डोक्यावर घेऊन जी मावशी गड चढते, वर एका दगडाच्या सावलीत बसते आणि ग्लास विसळायला पाणी जपून वापरते, तिचं रोपवेच्या स्टेशनावरच्या कॅफेत काय होणार? तिला गाळा मिळणारे का? डिपॉझिट किती?

उदाहरणं लांब शोधायला नकोत. वेळास घ्या, रत्नागिरी जिल्ह्यातलं मंडणगड तालुक्यातलं, मार्च आला की अर्धं पुणं तिकडे असतं. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी तिथं आधी माणसं आणि कुत्री-कोल्हे नेत असत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावातल्याच पोरांना हाताशी धरून घरटी राखायला सुरुवात केली, मग पिल्लं समुद्रात सोडताना बघायला लोक येऊ लागले आणि राहायला हॉटेल नव्हतंच, म्हणून घराघरात सोय झाली. ओटीवर गादी, केळीच्या पानावर जेवण, मोदक सांगितले तर मोदक. रिसॉर्टवाला मधे नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जोवर कासव येतंय तोवरच पाहुणा येतोय हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं, त्यामुळे किनाऱ्यावर कुणी रात्री गाडी घालायला लागला तर वनरक्षकाच्या आधी गावकरी आडवा येतो. ही राखण पगारावर विकत मिळत नाही.

कास घ्या. साताऱ्याचं पठार, २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत गेलं आणि फुलांवर माणसं लोळायला लागली, अक्षरशः लोळायला. मग दिवसाला ३,००० माणसं, ऑनलाइन बुकिंग, गाड्या लांब लावायच्या, आणि हे सगळं चालवायला आजूबाजूच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती. तिकिटाचा पैसा समितीकडे, गाइड गावचे, राखणदार गावचे. चांगलंच झालं. पण एक गोष्ट चुकली आणि ती जास्त शिकण्यासारखी आहे. पठाराला कुंपण घातलं, माणसांसाठी घातलं पण गुरंही बाहेर राहिली. गुरं चरत होती म्हणून दांडगं गवत आटोक्यात राहत होतं आणि बुटक्या फुलांना ऊन मिळत होतं. चराई थांबल्यावर गवत माजलं, फुलं कमी दिसतायत अशी ओरड झाली, आणि शेवटी कुंपण काढायची वेळ आली. गावातली म्हातारी माणसं हे पहिल्या दिवशी सांगू शकली असती. निसर्ग वाचवायचा म्हणजे गाववाल्याला आणि त्याच्या म्हशीला बाहेर काढायचं, हे डोक्यातून गेलं पाहिजे साहेब. आपली ही पठारं, डोंगर, देवराया माणसांच्या वावरासकटच अशी झालीयेत.

याच्या उलट बाजूची गंमत म्हणजे वृक्षारोपण. पर्यटनातून निसर्गाला काहीतरी परत द्यायचंय म्हटलं की कंपनीची बस येते, एकसारखे टी-शर्ट, आणि सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर, खड्डे खणून रोपं. सड्यावर झाडं नसतात कारण तिथं झाडं नसायलाच पाहिजेत, तिथं पावसाळी डबकी असतात, त्यात बेडूक, कीटकभक्षी वनस्पती, कंदीलपुष्पाच्या जाती, गवतं. त्यात वडाचं रोप लावून फोटो काढला की ना धड वड जगतो ना सडा. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प हे परदेशी झाड लावून काय मिळवलं ते आपण बघतोच आहोत. लोकांना राबायचंच असेल तर पाऊस संपल्या संपल्या ओढ्यावर वनराई बंधारे घालायला बोलवा, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून. दुपारपर्यंत एक बंधारा होतो, संध्याकाळी पाणी तुंबलेलं डोळ्याने दिसतं, आणि पुढे निदान काही आठवडे गुरांना आणि हरभऱ्याला पाणी मिळतं. नाहीतर रानमोडी आणि घाणेरी ही बाहेरून आलेली तणं उपटायला बोलवा, रान गिळलंय त्यांनी. कुठं बंधारा घालायचा, काय उपटायचं आणि काय ठेवायचं हे गावातल्या माणसाने सांगायचं आणि त्या सांगण्याचे त्याला गाइडइतकेच पैसे द्यायचे. कंपन्यांचा सीएसआर त्यात लावा, हौशी माणसांकडून फी घ्या, देतात लोक, झुंबाला देतात की!

काजव्यांचंही एकदा नीट ठरवा. मेच्या शेवटापासून पाऊस धरेपर्यंत राजमाची, भंडारदरा, सगळीकडे बसच्या बस. तो लुकलुक उजेड म्हणजे नराने मादीला दिलेली हाक असते. तिथं गाडीचे हेडलाइट, मोबाईलचे टॉर्च, फ्लॅश पडला की त्यांचं जमतच नाही, आणि लोक झाडाखालच्या गवतात शिरतात तेव्हा जमिनीलगत बसलेल्या माद्या पायाखाली जातात. पुढच्या पिढीच्या अळ्या त्याच ओल्या पाल्यापाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढायच्या असतात. नगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत गावाने पाहुण्यांची सोय स्वतःकडे घेतलीये, गावातली माणसं नेतात, गावातच मुक्काम. असं जिथं आहे तिथं अंधार राखणं सोपं जातं, कारण टॉर्च विझवा म्हणणारा माणूस त्याच गावचा असतो. तुम्ही फक्त एवढं करा की त्या तीन-चार आठवड्यांत रात्री आठनंतर गावाच्या अलीकडे गाड्या थांबवा आणि पुढे चालत किंवा गावच्या जीपने. बस्स.

गाड्यांवरून आठवलं, २०२२ च्या मे महिन्यात सिंहगडावर ई-बस सुरू केली होती तुम्ही लोकांनी. कल्पना एक नंबर होती! थोड्याच दिवसांत गुंडाळली. चढ, चार्जिंग, सुट्टीच्या दिवशीची रांग, सगळंच अंगावर आलं. शिवाय वर्षानुवर्षं पायथ्यापासून वर जीप मारणारी पोरं आहेत, त्यांना या योजनेत जागा काय हे नीट ठरलेलं कुणाला दिसलं नाही. परत करायचं असेल तर आधी त्यांना बोलवा, त्यांचीच सोसायटी करा, गाड्या बदलायला कर्ज द्या. भीमाशंकरला श्रावणात आणि महाशिवरात्रीला खाजगी गाड्या खाली थांबवून एसटी सोडता येते, म्हणजे जमतं. देवासाठी जमतं तर डोंगरासाठी का नाही जमणार.

भीमाशंकरची गोष्ट मात्र निराळी आहे आणि तिथं जपून पावलं टाका. १९८५ पासून अभयारण्य, शेकरूचं घर, आणि आजूबाजूला महादेव कोळी वाड्या, ज्यांचा हिरड्यावर वर्षाचा बाजार चालतो. आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे, २००६ चा वनहक्क कायदा आहे, म्हणजे ग्रामसभेला विचारणं ही तिथं मेहरबानी नाही, कायदाच आहे. माधव गाडगीळांच्या समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला त्यात हेच होतं, वरून रेघा मारू नका, ग्रामसभांना विचारून ठरवा. त्या अहवालाला शिव्या घालणारे पुष्कळ, वाचलेले थोडे.

आता तुम्ही म्हणाल, आणि खरं म्हणजे म्हणायलाच पाहिजे, की गाव गाव काय करताय, गावातले पुढारी काय कमी आहेत का. बरोबर आहे. मी बघितलंय, पार्किंगचा ठेका कुणाच्या भाच्याला जातो, होमस्टेचं बुकिंग ज्याच्याकडे फोरव्हीलर त्याच्याकडेच कसं जातं. कातकरी वाडी आणि धनगरवाडा तर मोजणीतच नसतात. २०२० मध्ये राज्याने कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, चांगलं धोरण आहे, पण ज्याला जमीन आहे आणि खोल्या बांधायला पैसा आहे त्याला ते उपयोगाचं. ज्याला दोन्ही नाही त्याने काय करायचं? खरं तर रानातलं सगळ्यात जास्त त्याला कळतं. कुठला खेकडा कुठल्या दगडाखाली, शेवळं कधी उगवतात, करटुली, भारंगी, कुर्डू या रानभाज्या कुठं मिळतील, कुठल्या झाडाला हात लावायचा नाही. अशा बाईबरोबर अर्धा दिवस रान फिरायचे पुण्यातले लोक आनंदाने पैसे देतील, मी तर देईन. म्हणून ठरवतानाच ठरवा की फीतला ठरावीक वाटा भूमिहीन घरांना कामाच्या रूपाने जाईल, जेवणाची पाळी बचत गटाकडून घरोघर फिरेल, एकाच घरी दर रविवार नाही, आणि दर ठरलेला असेल, त्याखाली कुणी द्यायचं नाही आणि पुण्याच्या ग्रुपने मागायचंही नाही. ग्रामसभेत हिशेब वाचला गेला नाही तर पुढच्या हंगामाची परवानगी थांबवा. सरपंच रागावतील, रागावू देत.

किती माणसं येऊ द्यायची याचा आकडा मंत्रालयातून पाठवू नका. गावाला तीन गोष्टी मोजायला शिकवा, किंवा त्यांच्याकडूनच शिकून घ्या: मेमध्ये विहिरीला पाणी किती, वाट किती रुंद झाली, आणि चालू संडास किती. त्यावरून त्या हंगामाचा आकडा. पुढच्या वर्षी विहीर सुधारली तर आकडा वाढवा, वाट रुंदावली तर कमी करा. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती कागदावर असतेच, तिच्या नोंदवहीत हे दरवर्षी लिहायला लावा, म्हणजे ती नोंदवही एकदा लिहून कपाटात पडायची नाही. पर्यटक किती वाढले हा आकडा तुमच्या अहवालात वर असतो, त्याच्या शेजारी झऱ्याला पाणी किती महिने राहिलं हा रकाना टाका. दोन वर्षांत कुठं काय चाललंय ते कळेल.

अख्ख्या जिल्ह्यात एकदम करा असं मी म्हणत नाही, तसं केलं की एक जीआर निघतो आणि संपतं. एकच खोरं घ्या. गुंजवणी घ्या, राजगडही त्यात आलाच. तिथल्या तीन-चार ग्रामपंचायती, वन विभाग, पुरातत्त्व खातं, पाटबंधारे, एसटी आणि पुण्यातले जे ग्रुप दर आठवड्याला तिथं माणसं नेतात ते, यांना एकत्र बसवा. पुढच्या जूनच्या आधी आकडा, दर, गाड्या थांबवायची जागा, वाटेचं काम, आणि फळा, एवढं झालं तरी खूप झालं. ज्यांनी खाचरात मुरूम टाकलाय त्यांना तो काढून परत बांध घालायचा असेल तर त्यालाही त्याच फीतून पैसे द्या, पार्किंग गायरानाच्या किंवा रस्त्याच्या कडेच्या पडीक जागेवर न्या आणि त्याचे पैसे सगळ्यांत वाटा. आमचे काका तयार होतील का ते मला माहीत नाही, पण विचारा तरी. भात परत लागला तर तोच तांदूळ जेवायला येणाऱ्या पाहुण्याच्या पानात वाढता येईल आणि किलोभर बांधूनही देता येईल, पुण्यात इंद्रायणीला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

आणि ती मीटिंग कृपया पुण्यात कलेक्टर कचेरीत ठेवू नका, तिथवर यायला त्यांचा दिवस आणि भाडं जातं. गावातल्या शाळेत ठेवा, एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी. शनिवार-रविवारी कुणी येणार नाही, बायका तर नाहीच नाही, त्या पाहुण्यांच्या भाकऱ्या थापत असतात.

आपला,
धायरीचा एक रहिवासी